रिकामा

पारडी नाक्याच्या अलीकडे, भंगारच्या गल्लीत
माझ्या नाकाला भाव होता.
ड्रम आला की बूच काढायचं, वाकायचं,
एक श्वास आत, आणि सांगायचं:
हा गोडेतेलाचा. हा डांबराचा. हा फिनाइलचा, चालेल.
हा थिनरचा, बाजूला ठेव बावा,
याले आधी पाणी पाजा लागते.

इस्तारीभाऊ निनावे माझ्या शब्दावर कटर पेटवायचा.
बाप त्याचा मागावर बसायचा, गोळीबार चौकाकडे;
माग गेले, हात राहिले.
पत्रासुद्धा तो कापडासारखा उकलायचा,
आधी दोन्ही काठ, मग उभा छेद,
मग उन्हात अंथरून म्हणायचा,
"घे, झालं लुगडं."

होळी झाली की कूलरचा सीझन.
शेठचा फोन सारखा: चाळीस बॉडी, शनिवारपर्यंत,
पत्रा पाहिजे, काही करा, पत्रा पाहिजे.
ड्रम भरायला टँकर लागतो,
टँकरचे सातशे कोणाच्या खिशातून जातील
हा वाद मात्र दरवर्षीसारखा
दारातच उभा.

त्या सकाळी मला सर्दी होती.
एवढंच.
रात्री गच्चीवर झोपलो, नाक बंद झालं.

निळा ड्रम. चिठ्ठी निम्मी फाटलेली.
तिच्यावर जाळाचं चित्र होतं, पण ते चित्र
आम्ही रोज पाहायचो, काड्यापेटीवरचं पाहावं तसं.
मी वाकलो. श्वास घेतला. काही आलं नाही.
उपडा केला, थेंब नाही.
बोटाने ठोकला. टण्ण.
म्हटलं, "रिकामा हाय, भाऊ. मार."

आवाज मला आठवत नाही.
झाकण आठवतं. परातीसारखं फिरत वर गेलं
आणि आरा मशीनच्या छपरावर पडलं.
मग कबुतरं. बराच वेळ नुसती कबुतरं.
इस्तारीभाऊ कापताना बसायचा तसाच बसलेला,
कटरच्या तोंडाशी अजून निळी जीभ.
मला म्हणाला,
"बंद कर ते. गॅस जाऊन राहिला फुकट."

मेयोत अकरा दिवस.
चौथ्या दिवशी माझं नाक मोकळं झालं
आणि त्याच्या उशीपाशी, मलमाच्या, फिनेलच्या आतून
मला तो आला.
थिनर. केसांत होता त्याच्या, उरलेल्या.

कारखान्यांचा साहेब येऊन गेला, कागदावर लिहिता लिहिता म्हणाला,
भरलेला जळतो हो, रिकामा फुटतो.
आत काही नसतं असं तुम्हाला वाटतं,
आत वाफ असते.
मी मान हलवली. शाळेत हलवायचो तशी.

त्याच्या बायकोने, कौतिकाबाईने,
एकच विचारलं, तेही तेराव्यानंतर:
"वास नव्हता आला का तुमाले?"
नाही, म्हटलं.
खरं होतं ते.
याहून एखादं खोटं बरं पडलं असतं दोघांनाही.

शेठने तो पत्रा टाकून दिला नाही.
फुगलेला भाग ठोकून सरळ केला, वर हिरवा रंग.
कोणाच्या खिडकीला लागला, ठाऊक नाही.
मे महिन्यात रात्री मी गल्ल्यांतून चालतो.
घरोघर कूलर घरघरतात, ओल्या वाळ्याचा वास,
पोरं बादल्या आणून ओततात. पितो.
पुन्हा ओततात. पितो.
तेव्हा सातशेचं मिळालं नाही,
आता रोज मिळते.

हिरवा दिसला की थांबतो.
बोटाच्या पेराने हळूच ठोकतो.
आतून एक बाई ओरडते, "कोण हाय बे तिकडं?"
कोणी नाही, बाई, म्हणतो.
पाणी आहे का पाहून राहिलो.